रेड अलर्टच्या दिवशी कणीक किती भिजवायची

रात्री साडेआठच्या सुमाराला फोनवर मेसेज येतो: उद्या मुंबईला रेड अलर्ट, शाळांना सुट्टी. त्या वेळी माझ्यापुढे प्रश्न एकच असतो. पहाटे चारला बारा किलो कणीक भिजवायची की नाही?

माझं पोळी-भाजी केंद्र कुर्ला पश्चिमेला आहे, मिठी नदीपासून चालत सात-आठ मिनिटांवर. तळमजल्याचा गाळा, आत छोटा पोटमाळा, कामाला तिघी जणी. रोज चारशेच्या आसपास पोळ्या होतात आणि निम्म्याहून जास्त डबे बीकेसीतल्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ऑफिसांत जातात. ऑफिसं बंद राहिली तर पोळ्या अंगावर पडतात. केंद्र बंद ठेवलं आणि लख्ख ऊन पडलं, तर दिवसाचा धंदा जातो आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जेवून येतं. त्यामुळे इशारा आला की काय करायचं, हे मला पोटापाण्यासाठी शिकावं लागलं. तळमजल्यावर दुकान किंवा घर असलेल्यांना आणि डोंगरउतारावर राहणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून आमची रीत लिहिते आहे.

निसर्ग आणि तौक्ते

आधी माझी चूक सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच आलंय.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ येणार, हे दोन दिवस टीव्हीवर चालू होतं. लॉकडाऊनमुळे केंद्र बंद होतं, पण गाळ्यात गव्हाच्या चार गोण्या, तेलाचे डबे, मिक्सर, वजनकाटा, फ्रीज असा सगळा माल पडून होता. टेम्पो मिळेना. मिळाला त्याने दुप्पट भाडं घेतलं. सगळं नणंदेच्या दुसऱ्या मजल्यावर नेऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी वारा सुटला, सरी आल्या, झाडं पडल्याच्या बातम्या आल्या, पण गल्लीत पाणी काही भरलं नाही. सगळे म्हणाले, "काही आलंच नाही." मीही म्हणाले.

माझं माहेर श्रीवर्धन तालुक्यातलं. रात्री दादाला फोन लावला, लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी त्याचा आवाज ऐकला. घराचं छप्पर उडालं होतं आणि वडिलांनी लावलेली सुपारीची वाडी आडवी झाली होती. वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि रायगड जिल्ह्यावरून गेलं. मी इथे ज्याला खोटा इशारा म्हणत होते, त्याखाली माझा भाऊ सापडला होता.

इतकं होऊनही पुढच्या मे महिन्यात मी चुकलेच. तौक्ते चक्रीवादळ येतंय म्हणाले तेव्हा मला आधी टेम्पोचं भाडं आठवलं. "गेल्या वर्षीही असंच सांगितलं होतं" हे वाक्य माझ्याच तोंडून गेलं. १७ मे २०२१ ला तौक्ते मुंबईला धडकलं नाही, समुद्रातूनच गुजरातकडे गेलं. तरी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटर वेगाचा वारा नोंदला गेला आणि सांताक्रूझला २३० मिलिमीटर पाऊस झाला, तोही मे महिन्यात. गाळ्यात गुडघ्याएवढं पाणी आलं. गव्हाची गोणी खालून भिजली की ओल वर चढत जाते, हे मी त्या दिवशी पाहिलं. तीन गोण्या टाकून द्याव्या लागल्या.

बरेच दिवस मी विचार केला की मी ऐकलं का नाही. हवामान खात्यावरचा विश्वास उडाला होता असं नाही. पहिल्या वेळी इशारा पाळणं मला इतकं महाग पडलं होतं की दुसऱ्या वेळी ते करायला मनच धजेना. लोक इशारे ऐकत नाहीत त्यामागे बहुतेकदा हेच असतं, असं माझं मत झालंय. म्हणून आमची सगळी रीत एका गोष्टीभोवती आहे: इशारा पाळणं इतकं स्वस्त करायचं की तो दहा वेळा फुकट गेला तरी अकराव्या वेळी हात मागे येऊ नये.

मे महिन्यातली तयारी

जास्तीत जास्त काम पावसाळ्याआधीच उरकायचं. इशारा आल्यावर करायचं काम अर्ध्या तासात संपलं पाहिजे.

तौक्तेच्या वेळी पाणी जिथवर चढलं, तिथे भिंतीवर मी ऑइल पेंटने लाल रेघ मारली आहे. रेघेच्या खाली विजेची एकही वस्तू नाही. स्विचबोर्ड वायरमनकडून वर घेतला. फ्रीज लोखंडी स्टँडवर आहे. मे संपला की दोन दिवसांपुरताच माल खाली ठेवते, बाकी पोटमाळ्यावर. रोज जिना चढउतार होते, पण टेम्पो लागत नाही.

दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनल बसवून घेतले. त्यात वरून प्लायची जाड फळी सरकवायची. खालच्या कडेला रबराची पट्टी आहे. फॅब्रिकेशनवाल्याने अर्ध्या दिवसात काम केलं. एवढ्यावर थांबू नका, कारण तळमजल्यावर पाणी पुष्कळदा दारातून येण्याआधी मोरीतून येतं. बाहेरचं गटार तुंबलं की ते उलटं आत फिरतं. मोरीच्या जाळीवर आणि संडासाच्या भांड्यात बसतील अशा वाळूच्या पिशव्या शिवून ठेवा. माझ्या दोन शेजाऱ्यांनी दाराला फळी लावली, मोरी विसरले आणि पाणी आत कोंडून घेतलं.

एक छोटी पिशवीही तयार हवी: आधार, रेशनकार्ड, पासबुक, गाळ्याचे कागद, रोजची औषधं, बॅटरी, चार्ज केलेली पॉवर बँक. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, दाराजवळच्या खुंटीला.

इशारा नीट वाचायचा

रंगांचा अर्थ साधा आहे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हातपाय हलवा. पावसाच्या शब्दांनाही मोजमाप आहे. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे 'मुसळधार', ११५.६ पासून 'अतिमुसळधार', आणि २०४.४ च्या वर गेला की त्याहून वरची, शेवटची पायरी.

पण मला सगळ्यात उपयोगी पडले ते दुसरेच दोन शब्द, 'तुरळक ठिकाणी'. आपण ते वाचतच नाही. हवामान खात्याच्या हिशेबात तुरळक म्हणजे त्या भागातल्या केंद्रांपैकी पंचवीस टक्के किंवा त्याहून कमी. 'काही ठिकाणी' म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पंचाहत्तरपर्यंत. म्हणजे 'तुरळक ठिकाणी अतिमुसळधार' असं सांगितलं आणि ते तंतोतंत खरं ठरलं, तरी चारातल्या तीन जागी लोक म्हणणार, खोटा निघाला. हे कळल्यापासून माझा राग निम्म्याने कमी झाला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. एकच शहर. त्या दिवशी कुलाब्याहून निघालेल्या माणसाला कुर्ल्यात काय चाललंय याची कल्पना येणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशीचा इशारा रात्री वाचायचा आणि सकाळी पुढच्या तीन तासांचा ताजा अंदाज बघायचा. रात्रीच्या इशाऱ्यावर सामान वर घ्या, आणि धंद्याचा निर्णय सकाळच्या अंदाजावर करा. ८ जुलै २०२४ ला मध्यरात्रीनंतर सहा तासांत काही भागांत तीनशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, सकाळी लोकल बंद. दुसऱ्या दिवसासाठी रेड अलर्ट आला, शाळा बंद ठेवल्या, आणि ९ तारखेला पाऊस फारसा झालाच नाही. शाळा बंद ठेवणाऱ्यांना तेव्हा लोकांनी खूप बोल लावले. मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो. आदल्या दिवशीचं पाणी पाहिल्यावर, आज आभाळ फिरेल या भरवशावर मुलांना बसमध्ये बसवायचं कोणी?

पावसाबरोबर भरती बघायलाच हवी. शहराची जुनी पर्जन्यवाहिनी ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती, आणि तिची बरीच तोंडं भरतीच्या पातळीखाली जातात. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एका वेळी आले की पाण्याला बाहेर जायला वाट नसते, पंपांवर सगळा भार येतो. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस पालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. ती यादी मी गाळ्यात चिकटवते.

फोन बंद असेल तर वडिलांनी शिकवलेला हिशेब कामाला येतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजे मिळते. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. सकाळी एकदा, रात्री एकदा. थोडा मागेपुढे होतो, पण पाणी चढणार की उतरणार एवढं कळतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. भांगाच्या दिवशी रेड अलर्ट असेल तर मी सावध असते. उधाणाच्या दिवशी नारिंगी असला तरी तो लालच धरते.

कणकेचा हिशेब

पिवळ्याला बारा किलोच. फक्त मोरीची जाळी साफ आहे ना बघायचं, तीत पालेभाजीच्या काड्या अडकतात.

नारिंगीला पहाटे सहा किलो. उरलेली सातनंतर, अंदाज आणि लोकलची खबर बघून. सगळी एकदम भिजवली तर फुकट जाते, कोरडं पीठ मात्र उद्याही चालतं. गिऱ्हाइकांना रात्री नऊला एकच निरोप जातो: "उद्या डबा आहे की नाही, सकाळी सातला सांगते." साताला निर्णय, मग बदल नाही. आधी मी दर तासाला वेगळं सांगायचे, त्याने लोक जास्त वैतागायचे.

लालला फक्त तीन किलो, आणि ते डब्यांसाठी नव्हे. कणीक दुधात भिजवून दशम्या करते, त्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. पाऊस आला तर गल्लीतले, रस्त्यात अडकलेले लोक खातात. नाही आला तर दुपारपर्यंत विकल्या जातात, दशमीला कुर्ल्यात कधी नाही म्हणत नाहीत. फुकट जाणारं काही उरतच नाही.

लालच्या रात्री झोपण्याआधी: फळी लावा, पिशव्या ठेवा, खालचा दोन दिवसांचा माल वर घ्या. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून सिलिंडर साखळीने खिडकीच्या गजाला बांधा, कारण रिकामा सिलिंडर पाण्यावर तरंगतो. प्यायचं पाणी भरून ठेवा. पाणी उंबऱ्याशी दिसलं की मेन स्विच लगेच बंद, पाय कोरडे असतानाच. आत पाणी शिरल्यावर बोर्डाला हात लावायचा नाही, आत काहीही राहिलेलं असो. भरलेल्या रस्त्यातून चालावंच लागलं तर हातात काठी घ्या आणि पाऊल टाकायच्या आधी जमीन चाचपा. २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबईतले एक मोठे डॉक्टर घरी चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये गेले. पाण्याखालचं गटार कोणालाच दिसत नाही.

अफवा आणि चाचणी

खरा इशारा फुकट गेला तर अर्ध्या तासाचं काम वाया जातं. अफवेचं तसं नाही. २८ जुलै २००५ ला, पूर येऊन दोन दिवस झाल्यावर, जुहूच्या नेहरूनगर वस्तीत रात्री हाकाटी झाली की पाणी येतंय, धरण फुटलं, त्सुनामी आली. अरुंद गल्ल्यांत चेंगराचेंगरी झाली आणि डझनाहून जास्त माणसं गेली. पाणी आलंच नव्हतं. दोन दिवसांपूर्वी खरं पाणी पाहिलेली माणसं होती ती, त्यांना दोष देता येत नाही.

म्हणून आमच्या गल्लीच्या ग्रुपवर नियम आहे. तारीख, वेळ, ठिकाण आणि कोणी सांगितलं, या चारांतलं एक जरी नसेल तर मेसेज पुढे पाठवायचा नाही. आधी पालिकेच्या १९१६ वर विचारायचं. आवाजाच्या क्लिपला तर अजिबात भुलायचं नाही. घाबरलेला आवाज ऐकला की आपणही घाबरतो, तिथे विचार होत नाही.

फोन एकदम भोंग्यासारखा वाजला तर संदेश शेवटपर्यंत वाचा. २०२३ मध्ये सरकारने अशा संदेशांची चाचणी घेतली तेव्हा आमच्याकडे सगळ्यांचे फोन एका वेळी किंचाळले, कामाला येणाऱ्या मावशींच्या हातातून उलथणं पडलं. आत लिहिलेलं होतं की ही चाचणी आहे. एकीने तेव्हापासून फोनमधले ते इशारेच बंद करून घेतले होते. मी स्वतः तिच्या फोनमध्ये ते परत चालू केले. तुमच्याही घरातल्या वडीलधाऱ्यांचे फोन तपासा, पुष्कळांनी बंद केलेले असतात.

डोंगराखाली आणि नदीकाठी हिशेब वेगळा

वर लिहिलेली काटकसर माल वाचवायला आहे. आमच्या मावशी घाटकोपरला असल्फ्याच्या उतारावर राहतात. त्यांच्यासाठी अर्धी कणीक, सकाळी बघू, असलं काही नाही. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्याच आझादनगरमध्ये दरड कोसळून साठांहून जास्त माणसं गेली. मालाडच्या पिंपरीपाड्याची भिंत २ जुलै २०१९ ला पडली, चेंबूरच्या भारतनगरची १८ जुलै २०२१ ला. दोन्ही वेळा मध्यरात्र उलटून गेली होती, माणसं झोपेत होती. डोंगरउतारावर निर्णय झोपायच्या आधी घ्यायचा असतो, सकाळी बघायला माणूस हवा ना.

मावशींना आम्ही चार खुणा पाठ करायला लावल्या: भिंतीला नवी चीर, दार अचानक चौकटीत अडकू लागणं, झाड किंवा खांब कललेला दिसणं, आणि उतारावरून येणारं पाणी एकाएकी गढूळ होणं. यातली एक दिसली तर अलर्टचा रंग कुठलाही असो, निघायचं. आणि काही दिसलं नाही तरी लालच्या रात्री त्या गाळ्याच्या पोटमाळ्यावर झोपायला येतात, नातवाला घेऊन. किती वेळा आल्या आणि काहीच झालं नाही. त्या रात्री आम्ही दोघी मिळून शेंगा निवडतो, लसूण सोलतो, दुसऱ्या दिवशीचं काम हलकं होतं. कोणाला घरी बोलावणार असाल तर आधीच बोलून ठेवा. ऐन पावसात "येऊ का" विचारायला माणसाला संकोच वाटतो आणि तो घरीच थांबतो.

कामाला येणारी दुसरी क्रांतीनगरची, मिठीच्या अगदी काठावर. १९ ऑगस्ट २०२५ ला मिठीची पातळी ३.९ मीटरला गेली तेव्हा तिथल्या साडेतीनशेच्या आसपास लोकांना हलवलं. माइकवरून पुकारा झाला आणि ती पिशवी घेऊन निघाली. तिचा नवरा टीव्ही जाईल म्हणून अडून बसला होता. तिने टीव्हीची वायर काढली, तो कपाटावर चढवला, आणि मग नवरा उठला. घरातलं माणूस हलत नसेल तर वाद घालू नका, त्याची अडकलेली वस्तू आधी सोडवा.

अलर्ट संपल्यावर

लगेच सगळं खाली आणू नका. पुढची भरती उतरू द्या. मग मी वहीत तीन ओळी लिहिते: इशारा काय होता, आम्ही काय केलं आणि त्याला किती पैसे लागले, आणि पाऊस कुठे पडला. तिसरी ओळ लिहायला चौकशी करावी लागते. आमच्याकडे कोरडं असलं तरी कधी वसईला, कधी पनवेलला, कधी महाडला झालेला असतो. मग दादाला फोन.

आता मजुरी. यावर मी कोणाशी तडजोड करत नाही. माझ्याकडच्या तिघी रोजंदारीवर आहेत. लालच्या दिवशी खाडा धरला, तर इशारा खोटा निघण्याची किंमत त्यांच्या खिशातून जाते, आणि पुढच्या वेळी त्या कमरेएवढ्या पाण्यातून कामावर येतात. आधी येतही होत्या, मी पाहिलंय. म्हणून १ जूनपासून रोज गल्ल्यातले तीस रुपये पिठाच्या एका जुन्या डब्यात टाकते. सप्टेंबरअखेर साडेतीन हजारांच्या वर जमतात, म्हणजे तिघींची तीन दिवसांची पूर्ण मजुरी निघते. रात्री रेड अलर्ट आला की तिघींना निरोप जातो: "उद्या यायचं नाही, पैसे मिळतील." पाऊस पडो न पडो. २०२५ मध्ये दोन दिवसांचे पैसे लागले. उरलेले दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तिघींना वाटले आणि डबा धुऊन परत फळीवर ठेवला.